भिंगार ते कोल्हार, ट्रेलरसह

ट्रेलर आमच्या कॉलनीत आला तो रविवारी सकाळी साडेनऊला. हा वार आणि ही वेळ मी निवडली नव्हती, आणणाऱ्याने निवडली. त्यामुळे आठच्या आठ घरांतली माणसं घरी होती आणि सगळी बाहेर येऊन उभी राहिली.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली, एवढंच समजा. लांबी बारा फूट, रंग पांढरा, चाकं दोन. इंजिन नाही. जीपच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. आत एक पलंग, एक ओटा, हात धुवायचं भांडं, गुडघ्याएवढा फ्रिज आणि कोपऱ्यात दरवाजा असलेलं कपाटाएवढं बाथरूम.

"सर, आइस्क्रीमची गाडी घेतली का?" शेजारच्या सुभेदार शेळक्यांनी विचारलं. शेळके लष्करातून निवृत्त झालेत, पण आवाज अजून नोकरीत आहे.

समोरच्या विजयमाला वहिनींना ती रक्तदानाची गाडी वाटली. त्या आत जाऊन साडी बदलून आल्या.

"पर्यटन," मी म्हणालो. "आता रिटायर झालोय. जरा फिरावं म्हणतो."

"ह्या वयात?" सुभेदार म्हणाले. मी एकसष्ट वर्षांचा आहे, ते अडुसष्ट. पण वयाचा हिशोब गल्लीत आवाजाप्रमाणे होतो.

आता खरं कारण सांगतो. ते तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इथंही जयमालाला विचारूनच सांगतोय. जयमाला म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिचं एक ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिला तासा-सव्वा तासाला बाथरूमला जावं लागतं, आणि गुडघे गेल्यामुळे खाली बसता येत नाही. कमोडच लागतो. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिने तीस वर्षं काढली. बायकांच्या शरीराबद्दल जे बोलायला घरची माणसं लाजतात, ते ती वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायची. पण स्वतःचं दुखणं निघालं आणि तिने एक अक्षर कुणापाशी काढलं नाही. फक्त भिंगारबाहेर जाणं बंद केलं.

दिवाळीनंतर कोल्हारहून तिच्या थोरल्या बहिणीचा, भागिरथी अक्कांचा, फोन आला. नातीचं, ज्योतीचं, लग्न ठरलं होतं. जयमाला म्हणाली, "बघते अक्का. बहुतेक जमायचं नाही. ह्यांचं बीपी वाढलंय."

माझं बीपी उत्तम आहे. मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवून ती उठली आणि अर्ध्या तासापूर्वी पुसलेली शेगडी तिने पुन्हा पुसली. त्यानंतर दहा दिवसांनी मी ट्रेलर घेतला. एका डॉक्टरांनी हौसेने आणलेला आणि दोनदा वापरून फार्महाउसच्या शेडमध्ये टाकलेला. जयमालाला मी गल्लीला सांगितलं तेच सांगितलं, पर्यटन. ती म्हणाली, "बरं."

लग्न जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होतं. हातात दोन महिने होते. मला वाटलं, भरपूर झाले.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला एकतीस वर्षं शिकवलं आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांतले दिवे माझ्या विद्यार्थ्यांमुळे लागतात, आणि काही घरांतले माझ्या विद्यार्थ्यांमुळेच जातात. तेव्हा वीज हा विषय मला नवा नव्हता. मी ट्रेलरची वायर बोअरच्या मोटरीजवळच्या सामाईक सॉकेटमध्ये लावली, कारण घरातून ती पुरत नव्हती. बटण दाबलं. खट्ट आवाज झाला आणि कॉलनीच्या सामाईक मीटरवरचं सगळं बंद पडलं. बोअरची मोटरही. पाण्याच्या टाक्या अर्ध्या भरल्या होत्या आणि आठ घरांत अंघोळी चालू होत्या.

ज्याला विजेची माहिती नाही त्याच्यासाठी सांगतो. वीज कुठेतरी चोरवाटेने जमिनीत उतरायला लागली की एक सुरक्षा स्विच आपोआप पडतो. तो पडतो म्हणून माणूस मरत नाही. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या मुलीने पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली तेव्हा "ट्रिप" हा शब्द तिच्या पहिल्या दहांत होता.

"सर," सुभेदार टॉवेलवर बाहेर आले, डोक्याला साबण तसाच, "तो पडणारा स्विचच काढून टाका ना. कटकट मिटेल."

नापास मुलांकडे पाहायची माझी एक पद्धत आहे. तसं मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत साबण असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

दोष शोधण्याचा नियम सोपा असतो. सगळं बंद करायचं आणि एकेक वस्तू चालू करत जायची. ज्या वस्तूला स्विच पडेल ती चोर. दहा मिनिटांचं काम. मला तीन दिवस लागले, कारण दर वेळी स्विच पडला की कॉलनीतून कुणीतरी येऊन तो परस्पर वर करायचं, आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. विजयमाला वहिनींनी तर आपल्या वेळा लिहून दिल्या. सकाळी सात ते नऊ पाणी, त्यामुळे प्रयोग नको. दुपारी विश्रांती. संध्याकाळी पाच ते सहा चालेल, पण त्या वेळी गच्चीवरच्या टाकीत त्यांचं पाणी चढत असतं.

चोर निघाला ट्रेलरमधला छोटा गिझर. डॉक्टरांच्या शेडमध्ये वर्षभर पडून त्याच्या कॉइलमध्ये ओल शिरली होती. कॉइल बदलली, स्विच पडायचा थांबला. त्या संध्याकाळी मी कॉलनीत जरा हळू चाललो, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर विचारता यावं. कुणी विचारलं नाही.

मग पंप सुरू झाला. म्हणजे चांगल्या अर्थाने नाही. ट्रेलरच्या पलंगाखाली पाण्याची टाकी असते आणि बॅटरीवर चालणारा एक लहान पंप. नळ उघडला की पंप चालतो, बंद केला की थांबतो. माझा पंप नळ बंद असतानाही दर सात मिनिटांनी "टर्रर्र" करून थांबायचा. याचा अर्थ कुठेतरी पाणी गळतंय, दाब कमी होतोय आणि पंप बिचारा तो भरून काढतोय.

मी सगळे जोड उघडले. वॉशर बदलले. ओट्याखालचं कपाट सोडवलं. कमोडच्या मागचा पाइप काढून पुन्हा बसवला, तेव्हा जयमाला चहा घेऊन आली आणि दारात उभी राहून बराच वेळ ते बघत राहिली. म्हणाली, "हे फिरायला जायचंय का इथंच राहायचंय?" मी पाना मागितला. तिने तो दिला.

नऊ दिवसांनी गळती सापडली, ती सुभेदारांच्या जास्वंदीमुळे. ट्रेलरच्या चाकालगत त्यांची जास्वंद आहे. भर थंडीत ती एकदम फोफावली होती आणि फुलांनी लगडली होती. मी पालथा पडून ट्रेलरच्या खाली शिरलो. पाइप रिकामे करायची तोटी जराशी सैल होती आणि थेंब थेंब पाणी नेमकं जास्वंदीच्या आळ्यात पडत होतं. मी तोटी आवळली. पंप गप्प झाला.

दोन दिवसांनी सुभेदार आले. "सर, तुम्ही जास्वंदीचं पाणी बंद केलंत?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्या सुरात एकेकाळी त्यांनी पहाऱ्यावर झोपलेल्या जवानांना विचारलं असेल. तेव्हापासून मी रोज सकाळी एक बादली तिथं ओततो.

यानंतर कागदपत्रं. ट्रेलर रस्त्यावर न्यायचा तर त्याची स्वतंत्र नोंद लागते. वाहनांची नोंद होते त्या कचेरीत मी सकाळी अकराला गेलो. खिडकीतल्या मॅडम सभ्य होत्या. मागच्या रांगेत दोन ट्रॅक्टरवाले होते. आमच्या जिल्ह्यात ट्रेलर म्हटलं की उसाची ट्रॉली, दुसरं काही नाही.

"ऊस की माती?" मॅडमनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं.

"दोन्ही नाही."

"मुरूम?"

"नाही."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग आत काय वाहून नेणार?"

मी सांगत गेलो. पलंग, ओटा, फ्रिज, बाथरूम. मागचे दोघं ट्रॅक्टरवाले पुढे सरकून ऐकू लागले. बाथरूम म्हटल्यावर मॅडमचा चेहरा उजळला.

"मग फिरतं शौचालय लिहू? नगरपालिकांच्या असतात ना तशा गाड्या. तो प्रकार यादीत आहे."

महिनाभरात माझ्या ट्रेलरचं खरं काम ओळखणारी ती पहिली व्यक्ती होती, आणि मला तिला "नाही" म्हणावं लागलं. "तसं नाही मॅडम, पर्यटनासाठी आहे," मी म्हणालो. मागून एक ट्रॅक्टरवाला दुसऱ्याला म्हणाला, "सवताचा संडास घिऊन फिरायचं, आसं हाय ते." मी मागे वळून पाहिलं नाही.

मॅडमनी यादी खाली सरकवत नेली, नेली, आणि अगदी तळाला "कॅम्पर ट्रेलर" सापडला. त्यांनाही आनंद झाला. पुढे तीन फेऱ्या झाल्या. एकदा फोटो मागून हवा होता, एकदा बाजूने, एकदा त्यात मी दिसत होतो म्हणून नापास. शेवटी तपासणीला साहेब आले. ब्रेक दाबा, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, मागचे दिवे. सगळं अचूक लागलं. साहेबांनी आत डोकावून पलंगावर हात दाबून पाहिला, "कल्पना चांगली आहे" म्हणाले आणि सही केली. लग्नाला आठ दिवस राहिले होते.

त्या रात्री मी कपाटातून काहीतरी काढायला ट्रेलरमध्ये गेलो, तर आतल्या खणात जयमालाची पांढरी साडी घडी करून ठेवलेली होती. आमच्यात लग्नाला नेसतात ती. खाली टॉवेल, औषधांचा डबा. तिने मला काही सांगितलं नव्हतं. मीही खण हळूच लावून घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी सुभेदार शेवटच्या तपासणीला आले. ती कुणी मागितली नव्हती. माझ्या जुन्या बोलेरोच्या मागे एक लोखंडी गोळा बसवलेला आहे. त्यावर ट्रेलरच्या दांड्याचा कप बसतो आणि ट्रेलर जोडला जातो. वळताना तो गोळा करकरायचा.

"ग्रीस," सुभेदार म्हणाले. "लोखंडाला लोखंड लागलं की ग्रीस पाहिजे. आमच्या तोफांना आम्ही..."

पुढचं मी ऐकलं नाही, पण ग्रीसचं पटलं. त्यांनी स्वतः डबा आणला आणि गोळ्याला असं थापलं की गोळा दिसेना. करकर थांबली. विजयमाला वहिनींनी ट्रेलरला हळदकुंकू लावलं. शेजाऱ्यांना वाटत होतं, आम्ही पर्यटनाला निघालोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. चालत्या ट्रेलरमध्ये बसायची परवानगी नसते, त्यामुळे माझी योजना अशी होती की ती माझ्या शेजारी बसेल आणि दर पाऊण तासाला मी गाडी बाजूला घेईन. हे मी तिला "इंजिन गार करायला थांबू अधूनमधून" अशा शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "बरं." गावाचं नाव आता पाटीवर अहिल्यानगर आहे, तोंडात नगरच येतं. नगर मागे पडलं, विळद घाट उतरलो. एकदा थांबलो, ती आत जाऊन आली, बसली आणि खिडकीची काच तिने पूर्ण खाली केली. मनात म्हटलं, साळवे सर, जमलं.

राहुरीच्या अलीकडे मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग दोन, मग सलग. आरशात पाहिलं तर मागे धुराळ्यात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर, आणि त्याचा चालक हात वर करून काहीतरी सांगतोय. मी बाजूला घेतलं. तोही मागे थांबला आणि उतरून आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर, पायात चपला.

"सर," तो म्हणाला. माझ्या चेहऱ्यावर मास्तर लिहिलेलं असावं. "तुमी उजवीकडं वळताय का थांबताय का मागं येताय? ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर लागतोय, इंडिकेटर दिला की समदंच मिणमिण करतंय. मागच्यानं काय समजायचं?"

त्याचं नाव कारभारी. ऊस कारखान्यावर घालायला निघाला होता.

मी उतरलो. त्याने ब्रेक दाबून दाखवला, अगदी तो म्हणाला तसंच होत होतं. मी पेटी काढली. बल्ब बदलले. ट्रेलरच्या वायरी बोलेरोला जोडणारा सात पिनांचा प्लग उघडून पुन्हा लावला. मीटर लावला, वायरींचा कागद बॉनेटवर पसरला आणि तपशीलवार अभ्यास सुरू केला. साहेबांसमोर जे अचूक लागलं होतं ते आठ दिवसांत कसं बिघडलं, हे माझ्या डोक्यात बसेना. जयमाला खाली उतरून माझ्या मागे उभी राहिली. कारभारी शेजारी उकिडवा बसून माझं काम पाहत होता. वीस मिनिटांनी त्याने घसा खाकरला.

"सर, सांगू का?"

"सांगा."

"अर्थिंग न्हाई."

एकतीस वर्षं. पहिल्या वर्षाचं पहिलं प्रकरण, अर्थिंग. फळ्यावर मी काढलेली अर्थिंगची आकृती इतकी सुबक असायची की ती पुसायला मुलं कचरायची. मी म्हणालो, "तसं नसतं हो, इथं प्लगमध्ये परतीची वायर आहे."

"आसंल की." तो उठला, ट्रॅक्टरवरून हातभर वायर घेऊन आला. एक टोक ट्रेलरच्या लोखंडाला लावलं, दुसरं बोलेरोच्या लोखंडाला. "आता दाबा ब्रेक."

जयमालाने ब्रेक दाबला. दोन्ही लाल दिवे लख्ख लागले. डावा इंडिकेटर डावा, उजवा उजवा.

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. वीज वायरीने दिव्यापर्यंत जाते, तशी परतही यावी लागते. प्लगमधली परतीची वायर आतून तुटलेली होती, बहुधा डॉक्टरांच्या काळापासून. आजवर वीज त्या लोखंडी गोळ्यातून परतत होती. लोखंडाला लोखंड. काल तिथं ग्रीसचा थर बसला, तिची वाट बंद झाली, आणि ती दुसऱ्या दिव्यांतून परतायला बघत होती.

"गोळ्याला येवढं ग्रीस कुनी लावलं?" कारभारीने विचारलं.

"एका सुभेदारांनी."

"हां." तो ट्रेलरच्या चाकापाशी गेला आणि मधल्या भागावर हात ठेवून झटकन मागे घेतला. "हितं लावायला पाहिजे हुतं. बेरिंग तापलंय. आजून वीस किलोमीटर गेला असता तर चाक फुडं आन् तुमी मागं."

हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. वीज माझा विषय, चाक नाही. कारभारीने ट्रॅक्टरचा जॅक लावला, चाक काढलं, बेरिंग पुसलं, ग्रीस भरलं, नट आवळून अर्धा फेरा सैल सोडला. "लई आवळलं की तापतं," तो म्हणाला. तो हे करत होता आणि त्याच्या दोन ट्रॉल्या ऊस उन्हात उभा होता. मी दोनदा म्हणालो, तुम्हाला उशीर होतोय. तो म्हणाला, कारखान्यावर रांगच हाय, तिथं बसायचं ते हितं बसलो.

जयमालाने ट्रेलरमध्ये चहा केला. कारभारी हात पुसून ट्रेलरच्या पायरीवर बसला आणि कप घेऊन आत डोकावला.

"लई भारी हाय ओ हे. ह्यात काय काय हाय?"

मी "पर्यटन" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"संडास आहे," जयमाला म्हणाली. "मला तासाला जावं लागतं, ऑपरेशन झालंय. खाली बसता येत नाही. म्हणून ह्यांनी घेतलाय. माझ्यासाठी."

हे तिने तिच्या वॉर्डच्या आवाजात सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे उसाचं वाढं चघळणाऱ्या बैलांनाही ऐकू गेलं असेल. मी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. मी चाकाचे नट पुन्हा तपासायला वाकलो. ते घट्टच होते.

कारभारीने फुंकर मारून चहाचा घोट घेतला. "लई बेस केलं," तो म्हणाला. "आमची आई ह्याच पायी चार वरसं कुटं गेली न्हाई. बहिनीच्या मयताला बी न्हाई गेली. म्हनायची, गुडघं दुखत्यात. आमाला काय ठाव." त्याने कप पायरीवर ठेवला. "ती वायर राहू द्या तशीच. परतताना नवा प्लग टाका."

ट्रॅक्टर आमच्या पुढे काढून तो गेला. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे एक लाल फडकं बांधलेलं होतं. ते फडकं दिसेनासं होईस्तोवर मी त्याच्यामागेच गाडी ठेवली.

कोल्हारला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. अक्कांच्या घरासमोर मांडव पडला होता. लग्न उद्या होतं. ट्रेलर पाहून पोरं धावली, बायका बाहेर आल्या, "जय भीम, जय भीम" झालं. भागिरथी अक्का चौऱ्याहत्तरच्या आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी ट्रेलरकडे नुसती एक नजर टाकली आणि जयमालाचा हात धरला.

"चल आदी मागं. तुला एक दावायचंय."

मी पाण्याचा नळ शोधत त्यांच्या मागोमाग गेलो. घराच्या मागे नवं बांधकाम होतं. पत्र्याचं दार, आत पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता.

"फोनवर तू म्हनलीस ह्यांचं बीपी वाढलंय," अक्का म्हणाल्या. "तवाच मला कळलं. सरांना कशाचं बीपी? तवापासून गवंड्याच्या मागं लागले हुते. परवा झालं." त्यांनी काठीने दार ढकलून दाखवलं. "दांडा बी हाय. उठताना धरायला."

जयमालाने दांड्याला हात लावला. मग अक्कांना लावला. दोघी बहिणी त्या पाच बाय चारच्या नव्याकोऱ्या संडासात उभ्या राहून रडल्या, आणि मी बाहेर उभा राहून, खोटं कशाला बोलू, जरा खट्टू झालो होतो. दोन महिने. गिझर, पंप, जास्वंद, फोटो, ग्रीस. आणि इथं टाइल्स.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्रिशरण, पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि पंगती बसल्या. मांडवात पाचशे माणूस होतं. अर्ध्या तासात ट्रेलरसमोर बायकांची रांग लागली. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या, पोटुशा लेकी, मुलांना कडेवर घेतलेल्या आया. अक्कांच्या नव्या संडासासमोर दुसरी रांग. जयमाला ट्रेलरच्या पायरीशी उभी होती, पांढरी साडी, कमरेला पदर. "एकेक. घाई नाही. कडी आतून लावा. आजी, दाराला धरा, पाय इथं." मी पाइप धरून टाकी भरत होतो. चारचौघांत, कोट घालून.

"काका, हे ग्रामपंचायतीचं का?" नवऱ्याकडच्या एका बाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "खासगी."

आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. त्या दोन दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मी कुणाला बोललो नाही. जयमाला एकदा ट्रेलरमध्ये जायची आणि पुढच्या वेळी अक्कांच्या मागच्या अंगणात. मग पुन्हा ट्रेलरमध्ये. एकदाही क्रम चुकला नाही. अक्का खाटेवरून बघत असायच्या, मी बोलेरोच्या सीटवरून. एकदा तर ती ट्रेलरच्या दारापर्यंत आली, थांबली, बोटं मोजली आणि वळून मागच्या अंगणात गेली. अक्कांनी समाधानाने पानाचा विडा तोंडात टाकला.

निघायच्या सकाळी ट्रेलरच्या संडासाची टाकी रिकामी करायची होती. ती अक्कांच्या नव्या खड्ड्यातच केली. अक्कांच्या मुलाने झाकण उचललं, मी पाइप धरला. दोन्ही घरांचा हिशोब त्या खड्ड्यात एक झाला. राहुरीत नवा प्लग घेतला, बसवला, परतीची वायर स्वतःच्या हाताने जोडली आणि ओढून पाहिली. गोळ्यावरचं ग्रीस पुसून टाकलं.

विळद घाटाआधी मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"कुठलं बरं वाटलं?"

जयमाला खिडकीबाहेर बघत होती. तोडलेल्या उसाची रानं मागे जात होती.

"अक्काचं ऐसपैस आहे," ती म्हणाली. "टाइल्सही चांगल्यात. आणि तो दांडा."

मी गिअर बदलला. घाट सुरू झाला. मागे ट्रेलर जरा जड झाल्यासारखा वाटला, चढ होता म्हणून. वरच्या वळणावर तिने पाय जरा लांब केले आणि पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली.

"आपलं बरोबर येतं," ती म्हणाली.